बोललेलं प्रोसिडिंगात येईपर्यंत

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभा कधी असते, असं महाराष्ट्रात कुणालाही विचारा, बहुतेक जण याच चार तारखा सांगतील. हेच चार दिवस जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात कसे असतात ते बघण्यासारखं आहे. जानेवारीत भाताची खाचरं रिकामी असतात आणि ती कसणारी माणसं नारायणगाव-मंचरकडे द्राक्षं, टोमॅटो, कांद्याच्या कामावर उतरलेली असतात. मे महिना लगीनसराईचा आणि पाणीटंचाईचा. बायांचा निम्मा दिवस झऱ्यावर जातो. ऑगस्टात आवणी उरकलेली असली तरी पाऊस असा, की ओढ्यापलीकडच्या वाडीतून म्हातारं माणूस अलीकडे येत नाही. ऑक्टोबरात भात निसवलेलं असतं आणि रानडुकरांपायी रात्रभर राखण चालते. रात्रभर माळ्यावर जागलेला माणूस सकाळी झेंडावंदनाला येतो, पण तासाभराच्या सभेला थांबेलच असं नाही.

लोकसहभाग कमी का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या तारखांतच मिळालं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

यंदाच्या अंकाचा विषय म्हणून संपादकांनी ‘आपल्या गावाचं कोण ठरवतं?’ असा प्रश्न दिला. त्यासाठी मी घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेने वर गेलो, जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाटाच्या अंगाला गेलो, आणि खाली उसाच्या पट्ट्यातही हिंडलो. मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या: लोकांना विचारतात कसं, आणि त्यांनी सांगितलेलं पुढे जातं कुठे.

रांगोळीचा नकाशा

कागदावर व्यवस्था चांगली आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. चौदाव्या वित्त आयोगाने पैसा थेट ग्रामपंचायतींकडे वळवला, तेव्हा २०१५ साली राज्याने ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा कार्यक्रम आणला. गावाने आपला आराखडा आपण करायचा, त्याआधी महिलांची सभा घ्यायची, शिवारफेरी काढायची, गावाचा नकाशा लोकांकडूनच काढून घ्यायचा, असं त्यात सांगितलेलं आहे.

हा नकाशा जमिनीवर काढतात. एका वाडीत शाळेच्या पटांगणात तो काढताना मी बघत उभा होतो. रांगोळीची पिशवी, विटांचे तुकडे, खडे, थोडा पाला. सुरुवात पुरुषांनी केली. आधी डांबरी रस्ता, मग देऊळ, मग शाळा, मग ज्याची-त्याची घरं. रस्त्याची रेघ जाड, ठसठशीत. बाया अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आशाताईंनी दोनदा हाक मारल्यावर त्यांतली एक उठली, पदर खोचून खाली बसली आणि घरांच्या मागून एक बारीक रेघ ओढायला लागली. ती रेघ दोन बांध ओलांडून, ओढ्याला वळसा घालून, पुरुषांच्या नकाशाच्या बाहेर गेली. तिला जागा व्हावी म्हणून पोरांना मागे सरकावं लागलं. ही झऱ्याची वाट होती. वाटेच्या मधोमध तिने एक खडा ठेवला. इथे हंडा उतरवून दम खायचा असतो.

मग दुसरी उठली. योजनेतून झालेल्या विहिरीची वीट पुरुषांनी मांडली होती, तिच्यावर तिने एक वाळलं पान ठेवलं. शिमग्यानंतर त्या विहिरीत पाणी नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी वाद घातला नाही. पण पान ठेवेपर्यंत कुणी ते बोललंही नव्हतं.

त्यानंतर मोबाइलवर फोटो निघाला आणि समोरचं सगळं तक्त्यात भरणं सुरू झालं. माझं लक्ष तिथे जास्त होतं. तक्त्यात ‘पाणीपुरवठा विहीर दुरुस्ती’ अशी ओळ आली. झऱ्याची वाट, तो दम खायचा खडा, झरा बांधून घेतला तर मे महिन्यापर्यंत पाणी पुरतं हे बायांचं म्हणणं, यांतलं काहीही त्या ओळीत नव्हतं. लिहून घेणारा माणूस कामचुकार नव्हता. त्याच्याकडे कामांच्या नावांची यादी होती, आणि जे त्या यादीतल्या नावात बसेल तेच तो लिहू शकत होता.

इथेच पहिली गळती होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली, चाळीस टक्के अबंधित. म्हणजे पाण्याची मागणी करणाऱ्या वाडीला पैसा असतो, फक्त मागणी योग्य शब्दांत उतरायला हवी. जलजीवन मिशनमध्येही गावाने स्वतःचा कृती आराखडा करायचा, पाणी समितीत निम्म्या महिला घ्यायच्या, डोंगरी आणि आदिवासी गावांनी दहाऐवजी पाच टक्के लोकवर्गणी भरायची, असं ठरलेलं आहे. नळ आले आणि उद्भव आटला, ही तक्रार या पट्ट्यात जागोजागी कानावर पडते. कुठला झरा कधी आटतो हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना पाइप टाकण्याआधी विचारायचं की नंतर, एवढाच हा प्रश्न आहे. माझ्या मते लोकसहभागाची खरी परीक्षा या आधी-नंतरमध्ये आहे.

गावाची सभा, वाडीचं म्हणणं

आंबेगाव म्हटलं की एक तालुका डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तिथे तीन मुलुख आहेत. वर भीमाशंकरच्या अंगाला धो-धो पाऊस आणि भात, मध्ये मंचर-घोडेगावचा बागायती भाग, तर पूर्वेला लोणी-धामणीचा कोरडा टापू, जिथले लोक वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडताहेत. शिवाय बटाट्याचं सातगाव पठार आहेच. जुन्नरचंही तसंच. आंबोली-घाटघरचा प्रश्न नारायणगावला कळत नाही, आणि बेल्ह्याचा प्रश्न घाटघरला.

हीच गोष्ट एका ग्रामपंचायतीच्या आतही असते. गावठाण एका ठिकाणी, पाच-सात वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, ठाकरवाडी सगळ्यांत लांब. सभा गावठाणात. हात वर करून कौल घेतला, की गावठाणातली पेव्हर ब्लॉकची मागणी वाडीतल्या साकवाच्या मागणीवर सहज मात करते. कुणी कुणावर जाणूनबुजून अन्याय करतं असंही नाही. जो हजर असतो त्याचं काम होतं.

याच्यावरचा उपाय कायद्यात आहे, आणि तो इथे लागूही आहे. या दोन्ही तालुक्यांची पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. पेसामध्ये वाडी किंवा पाडा ठराव करून स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो. ठराव उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, चौकशी होते आणि मग वाडीची स्वतःची ग्रामसभा होते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतली पाच टक्के रक्कम अबंध निधी म्हणून या गावांना थेट मिळते. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वन आणि पाणी अशा कामांवर तो खर्च करायचा, आणि काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं.

पेसाची ग्रामसभा म्हणजे काय, असं वाड्यांमध्ये विचारलं की तरुण पोरं नीट सांगतात. त्यातली बरीचशी पुण्यात शिकून आलेली असतात. जाणती माणसं मात्र ‘पेसाचा पैसा’ म्हणतात. निधी पोचला, अधिकार पोचायचा आहे. पैशाचा हिशेब ग्रामसेवकाच्या दप्तरात आणि निर्णय सभेत, ही दोन्ही टोकं जुळवायला वाडीत वहीत डोकं घालणारी चार माणसं लागतात. जिथे बचत गटाच्या बायांनी हे अंगावर घेतलंय तिथे फरक लगेच दिसतो, कारण हप्ता, व्याज, सही आणि शिल्लक यांची सवय त्यांना आधीपासून आहे.

एकत्र बसून ठरवणं या मातीला नवं नाही. पडकईची परंपरा इथलीच. डोंगरउतारावर भाताची खाचरं काढायची तर एका कुटुंबाचं बळ पुरत नाही, म्हणून घरं गट करतात आणि पाळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात. आज कुणाच्या रानात, उद्या कुणाच्या, दगड कुठला काढायचा, बांध किती उंच, पाणी कुठून सोडायचं, हे रानात उभं राहूनच ठरतं. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींबरोबर आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने अनेक वर्षं काम केलं, तेव्हा पडकईला रोजगार हमीत स्थान मिळावं म्हणून त्यांनी नेट लावला होता. लोकांची जुनी रीत ओळखून योजना तिच्याभोवती बसवायची, असा तो प्रयत्न होता. सहसा याच्या उलट होतं.

ज्या गावाचं नाव तालुक्याला

तालुक्याचं नाव आंबेगाव. आंबेगाव नावाचं गाव मात्र डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुनी देवळं उघडी पडतात आणि लोक बघायला जातात. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.

धरण नको होतं, असं मला म्हणायचं नाही. घोड नदीच्या या पाण्यावर खालचा केवढा तरी मुलुख हिरवा झाला, मंचरचा बाजार भरला. पण धरणाचा आराखडा झाला तेव्हा बुडणाऱ्या माणसाला विचारायची रीत नव्हती. त्याला कळवत असत. नंतर त्या माणसांनी स्वतःचं ठरवलं: पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घ्यायचं, आणि जलाशयात मासेमारी करायची तर ती आपल्याच सहकारी सोसायटीमार्फत. बुडालेल्या गावांच्या माणसांनी पाण्यावरचा हक्क संघटनेतून मिळवला. आज डिंभ्यातून माणिकडोहकडे बोगदा काढून पाणी पुढे न्यायची चर्चा पेटते तेव्हा आंबेगावात सभांना गर्दी होते, त्यामागे ही आठवण आहे.

माळीण ते आमडे

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही आणि बातमी बाहेर आली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

माझ्या विषयासाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे. अख्खं गाव नव्याने मांडायचं होतं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी जागा तपासल्या, गावकऱ्यांची संमती घेतली गेली आणि जवळच आमड्याला नवं गावठाण उभं राहिलं. २ एप्रिल २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं. एवढ्या मोठ्या आघातानंतर तीन वर्षांच्या आत गाव राहतं झालं, याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते खचले, भिंतींना तडे गेले, आणि आधीच डोंगराने पोळलेली माणसं पुन्हा भेदरली.

जागा पक्की आहे का, हे भूगर्भतज्ज्ञच सांगणार. तिथे हात वर करून निर्णय होऊ शकत नाही. पण उतारावर पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे दगड घालून वळवायचं, हे पन्नास पावसाळे खाचरं राखलेल्या माणसाला कळतं. संमती घेणं वेगळं आणि कामावर त्याला उभं करून विचारणं वेगळं. डोंगर का सुटला याची चर्चा झाली तेव्हा मशिनने केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं. हाताने, पिढ्यान्‌पिढ्या, पाण्याची वाट सांभाळत केलेली पडकई आणि पोकलेनने चार दिवसांत कापलेला उतार यांत फरक आहे, हे या पट्ट्यातले जुने शेतकरी ठासून सांगतात. ते त्यांनी दरड पडण्याआधी कुठे सांगायचं, त्याची नोंद कोण घेणार, याची सोय तेव्हा नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा आंबेगावच्या दरडप्रवण वाड्यांमध्ये कुणाला झोप लागली नसेल. ‘आमच्या वरची भेग वाढलीय का’ हे बघणारी नजर वाडीतच असते. त्या नजरेने बघितलेलं तहसीलच्या टेबलावर त्याच दिवशी पोचावं, यासारखं महत्त्वाचं नियोजन या पट्ट्यात दुसरं नाही.

ग्रुपवरचा बिबट्या

आता खाली उसात येऊ. येडगाव, ओतूर, पिंपळवंडी, कळंब, पारगाव. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या वाढला. इथे प्रत्येक गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी शुभेच्छा, दुपारी कांद्याचे भाव, दशक्रियेचे निरोप. संध्याकाळी सातनंतर ग्रुपचा सूर बदलतो. अमक्या मळ्याच्या बांधावर दिसला, दोन पिल्लं बरोबर आहेत, पोरांना आत घ्या, दूध घालायला एकट्याने जाऊ नका. दवंडी पूर्वी गावभर फिरायला तास घ्यायची. आता मिनिटात बातमी मळ्यावरच्या शेवटच्या घरी जाते, आणि यामुळे जीव वाचतात. यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

पण त्याच ग्रुपवर जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो, दुसऱ्या जिल्ह्यातला हल्ला आपल्या शिवारातला होतो, आणि रात्रीत शंभर माणसं काठ्या घेऊन उसाला वेढा घालतात. बिथरलेलं जनावर अशा वेळी जास्त धोक्याचं असतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, त्यांत लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या संतापाला मी नावं ठेवणार नाही. अंगणातलं लेकरू गेल्यावर कुणी शांत बसावं, अशी अपेक्षा करणं क्रूर आहे.

मात्र मागणी कशाची करायची, यासाठी माहिती लागते. ‘पिंजरा लावा आणि लांब सोडून या’ ही जुनी मागणी. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात नेमकं हेच झालं होतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याआधी या भागात वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, मोहिमेनंतर ती सरासरी १७ वर गेली. उपाय म्हणून केलेल्या गोष्टीने त्रास वाढला. हा आकडा ज्या गावांचा आहे त्या गावांच्या ग्रुपवर तो कितीदा आला असेल?

दुसरी मागणी माझ्या मते सगळ्यांत शहाणी आहे: शेतीपंपाला दिवसा वीज द्या. रात्रपाळीची लाइट असली की शेतकऱ्याला अंधारात, उसाच्या सरीतून, बारं द्यायला जावं लागतं. बिबट्याचीही फिरायची वेळ तीच. ही मागणी वनखात्याच्या अखत्यारीतली नाही, महावितरणची आहे. म्हणजे दोन खाती एका टेबलावर आणायची तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि एका गावाचा ठराव पुरत नाही, कालव्यावरच्या साऱ्या गावांचा हवा. दिवसा वीज देण्यासाठी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिच्यासाठी जागा कुठे, कुठल्या फीडरला आधी, हे सांगायला गावं पुढे आली तर बिबट्याच्या प्रश्नाचा एक मोठा तुकडा विजेच्या नियोजनातून सुटेल.

ग्रुपवर मात्र ठराव होत नाही. तिथे अंगठा येतो, हात जोडलेले येतात, ‘बरोबर आहे भाऊ’ येतं, आणि रात्री बाराला एखादा ‘ग्रुप सोडून’ जातो. दुसऱ्या दिवशी विषय वर सरकून दिसेनासा होतो. शिवाय ग्रुपवर कोण आहे तेही बघायला हवं. घरटी एक फोन, तो बाप्याच्या खिशात. झऱ्याची रेघ ओढणारी बाई तिथे नाही.

मेंढा, पुणे आणि लांबचं एक शहर

इतरांनी काय केलं? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन मानत नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. सभेच्या आधी अभ्यास गट बसतो, विषय फोडतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवलेली ही पद्धत. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं, त्यामागे ही अभ्यासाची बैठक होती. आपल्याकडे सभा असते, अभ्यास नसतो.

पुण्यात महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा: बाक, दिवा, पदपथ. चांगली गोष्ट आहे, पण अर्ज एकट्याचा असतो. शेजारी बसून वाद घालायची जागा त्यात नाही. ही पद्धत जिथून जगभर गेली त्या ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा भरत. त्यांची एक रीत मला फार आवडते. वर्षाच्या पहिल्या सभेत नवं काही मागण्याआधी गेल्या वर्षीच्या कामांचा जाब घ्यायचा. काय झालं, काय राहिलं, का राहिलं.

विषय क्रमांक एक

हीच रीत आपल्या कायद्यात बसलेली आहे. ग्रामसभेच्या कुठल्याही नोटिशीवर विषय क्रमांक एक बघा: मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ‘वाचला, कायम’, आणि मिनिटभरात विषय दोन सुरू.

हा एक विषय पूर्ण वाचला गेला तर? मागच्या सभेतले ठराव एकेक करून मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येकापुढे सांगायचं: पंचायत समितीला पाठवला, एस्टिमेट झालं, निधी नाही म्हणून परत आला, किंवा पाठवलाच नाही. तासभर जाईल. जाऊ दे. गावात मला भेटलेल्या माणसांची तक्रार ‘आम्हाला विचारत नाहीत’ अशी फारशी नव्हती. ‘सांगून सांगून तोंड दुखलं, पुढे काय झालं ते कळत नाही’ अशी होती. जो दोनदा बोलला आणि उत्तर मिळालं नाही, तो तिसऱ्यांदा सभेला येत नाही. कोरमअभावी सभा तहकूब होते त्याचं एक कारण हे.

गावाचा मंजूर आराखडा आता ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही फोनवर बघता येतो. बारावी शिकलेल्या एखाद्या पोरीने तो महिला सभेत वाचून दाखवावा, एवढंच मागणं आहे. महिला सभा मुख्य सभेच्या आधी घ्यायचीच असते. ती वाडीत घ्यावी, दुपारी घ्यावी, आणि तिथलं म्हणणं बायांच्याच शब्दांत प्रोसिडिंगात उतरवावं. ‘विहीर दुरुस्ती’ लिहायचं तर खाली झऱ्याचंही लिहावं. ग्रुपवर गाजलेला विषय असेल तर कुणीतरी तो सभेच्या सात-आठ दिवस आधी लेखी अर्जाने अजेंड्यावर घालावा.

आणि ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी. काही वाड्यांतल्या बायांनी ही सवय लावून घेतली आहे. नक्कल रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, आणि घोडेगावला दाखल्यासाठी किंवा बाजाराला जायचं झालं की पंचायत समितीची पायरी चढून त्या विचारतात: आमचा ठराव क्रमांक हा, तारीख ही, सध्या कुणाच्या टेबलावर आहे?